नाव एकीकडं, पोरगी दुसरीकडं

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हा तिला शाळेतून 'मी मोठी झाल्यावर' या विषयावर पाच ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. संध्याकाळी दुकानात कागदाच्या गठ्ठ्यावर बसून ती लिहीत होती. दुकान म्हणजे बजाजनगरमधलं एक शटर. आत एक झेरॉक्सचं मशीन, एक कॉम्प्युटर आणि मी. मिस्टर वाळूजच्या एका कंपनीत शिफ्टला जातात. पाचवी ओळ तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली. "मी कॉलेजला जाणार नाही. मी मम्मीचे मशीन चालवीन."

"असं नाही लिहायचं," मी म्हणाले. "कॉलेजला जायलाच लागतं."

"का?"

"चांगली नोकरी लागते."

"समोरच्या बिल्डिंगमधली दीदी इंजिनियर झाली. ती तर घरीच असते."

"नोकरीचं जाऊ दे. कॉलेजला गेलं की माणसाला समजायला लागतं."

"काय समजतं?"

मी स्क्रीनकडं वळले. मी तेव्हा एका कॉलेजच्या मुलीचा पर्यावरणाचा प्रकल्प टाईप करत होते. टाईप कसला, मागच्या वर्षीचाच उघडून वरचं नाव आणि रोल नंबर बदलत होते. त्या आठवड्यातला तो पाचवा. माझी लेक हे रोज बघायची. ती स्क्रीनकडं बोट करून म्हणाली, "यांचा अभ्यास तर तूच करतेस. मग यांना कसं काय समजतं?"

मी तिला गप्प बसायला सांगितलं. तर ती वही मिटत म्हणाली, "आणि ताई पण कॉलेजला जात नाही. तू उगाच म्हणतेस जाते म्हणून."

ताई म्हणजे माझी पुतणी, मोठ्या दिरांची मुलगी. जुलैमध्ये पिशोरहून ती आमच्याकडं शिकायला आली होती. भाऊजी स्वतः तिला सोडायला आले होते. बाजरीचं पोतं, शेंगदाण्याची पिशवी आणि पोरगी, तिन्ही आमच्या दारात ठेवून चहा पिता पिता ते म्हणाले होते, "आता ही तुमच्या हवाली. नीट बघा." पुढचं ते बोलले नाहीत, पण मला कळलं होतं. गावात दोन ठिकाणांहून तिला लग्नाची विचारणा आली होती आणि बारावीनंतर तीन वर्षं थांबायला भाऊजी कसेबसे तयार झाले होते. मार्क बेताचे, अर्ज भरायला उशीर झालेला. म्हणून आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका नव्या कॉलेजात तिला बी.एस्सी.ला घातलं. खाली हार्डवेअरचं दुकान, वरच्या दोन मजल्यांवर कॉलेज.

रोज पावणेनऊला ती डबा घेऊन निघायची, चारनंतर परत यायची. मी समाधानात होते.

"जात नाही म्हणजे?" मी लेकीला विचारलं.

"तिच्याकडं एकच वही आहे. तिच्यात नुसती चित्रं आहेत. पानांची, गोल गोल. आणि दप्तरात बसची तिकिटं आहेत. लई तिकिटं. कॉलेज तर इथंच आहे ना?"

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचं कपाट उघडलं. मला त्याची लाज वाटते, पण उघडलं. कपड्यांखाली काही नव्हतं. जुन्या पर्सच्या कप्प्यात मात्र शहरबसच्या तिकिटांची गुंडाळी होती. बजाजनगर ते शहर, शहर ते बजाजनगर.

एकदा शंका आली की सगळं वेगळंच दिसायला लागतं. तिच्या चपलांना लाल माती लागलेली असायची. आमच्याकडं तर काळी. ती फोन पालथा ठेवायची. संध्याकाळी माझ्याबरोबर भाजी निवडताना ती कधीकधी एखादं पान उजेडाकडं धरून बघत बसायची आणि मी बघतेय असं दिसलं की पटकन ताटात टाकायची. पूर्वी मला वाटायचं, पोरगी लाजाळू आहे. आता वाटायला लागलं, ही काहीतरी लपवायली.

मी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "आज काय शिकवलं गं?"

"मुळाचा आडवा छेद."

"आणि काल?"

"काल शेवाळ होतं, काकू."

ती अडखळत नव्हती. पण मला ते खरं का खोटं कळणार कसं? मीही बी.ए. आहे. लग्नानंतर लासूर स्टेशन गावच्या कॉलेजात सासूबाईंच्या ओळखीनं नाव घातलं, तीन वर्षं फक्त परीक्षेला गेले आणि पदवी घेतली. एका तासालाही बसले नाही. बसायचं असतं असं मला कुणी सांगितलंही नव्हतं. ती पदवी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. दुकानाच्या कर्जाच्या अर्जाला एकदा तिची झेरॉक्स जोडली होती, तेवढाच तिचा उपयोग.

माझी लेक मात्र विषय सोडत नव्हती. जेवताना तिनं मला विचारलं, "तू गेली होतीस कॉलेजला?"

"व्हय. गेले होते."

"तुझा वर्ग कसा होता?"

"मोठा होता."

"मॅडमचं नाव काय होतं?"

मी पाणी प्यायला उठले. परत येऊन बसेपर्यंत ती माझ्याकडं बघत होती. तिच्या बापानं तिला ताटाकडं बघायला सांगितलं. पुतणी खाली मान घालून जेवत होती आणि मला वाटलं, ही पण ऐकतेय.

चार दिवसांनी पुतणीच्याच कॉलेजची एक मुलगी दुकानात आली. आयकार्डाची झेरॉक्स हवी होती, त्यावरून कळलं. मी मशीन चालू करत विचारलं, "बी.एस्सी.ला आमची एक पोरगी आहे, पिशोरची. दिसते का वर्गात?"

ती हसली. "काकू, वर्गात कुणीच दिसत नाही. मीच फॉर्म भरायच्या दिवशी गेले, ते आज चालले."

ज्या कॉलेजात कुणीच जात नाही, तिथं ही रोज डबा घेऊन कुठं जाते?

मिस्टरांना सांगितलं. ते बूट काढत होते. "विचार ना सरळ तिला," ते म्हणाले.

"विचारलं तर सावध होईल."

"आणि दादांना?"

"त्यांना सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी येऊन घेऊन जातील."

पोरगी आमच्या घरात, आमच्या भरवशावर. काही बरं-वाईट झालं तर गावाला तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. खरं सांगायचं तर तेव्हा मला तिची काळजी कमी आणि आमच्या नावाची काळजी जास्त होती. आपण तिच्या मागं जायचं, असं मी ठरवून टाकलं.

तो दिवस मंगळवार होता. लेकीच्या शाळेला शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सुट्टी होती, म्हणून तिलाही सोबत न्यावं लागलं. पुतणी बसमध्ये चढली आणि आम्ही मागच्या शेअर रिक्षात बसलो. "आपण ताईला पकडायला चाललोय?" लेकीनं विचारलं. मी म्हणाले, "नाय, बाजारात चाललोय." तिनं मान हलवली, पण पटलं नसल्याचं तोंडावर दिसत होतं.

नगर नाका, छावणी गेली. रिक्षा बसच्या मागंच होती. बाबा पेट्रोल पंपाच्या पुढं ती उतरली. मी तोंडावर स्कार्फ ओढून घेतला, लेकीचा हात धरला. पुतणी भरभर चालत होती. मी प्रत्येक वळणावर कुणीतरी मोटारसायकल घेऊन उभं असेल म्हणून बघत होते. कुणी नव्हतं. ती एका जुन्या कॉलेजच्या मोठ्या फाटकाशी थांबली. चार-पाच मुली आल्या, त्यातली एक तिच्याशी बोलली आणि त्या घोळक्याच्या मधोमध ती आत शिरली.

शहरातलं नावाजलेलं कॉलेज. कडुनिंबाची झाडं, लाल मातीची वाट. पण माझी शंका काही गेली नाही. उलट वाढली. इथं तिचं काय काम?

मी आत जायला लागले तर फाटकावरच्या वॉचमननं अडवलं. "मॅडम, आयकार्ड? किसको मिलना है?"

तेव्हा मी काहीही सांगू शकले असते. चौकशीला आले, प्रवेशाचं विचारायचंय, काहीही. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. मी म्हणाले, "आत्ता जी निळ्या ड्रेसातली पोरगी गेली ना, ती आमची आहे. पण ती या कॉलेजची नाही."

त्याचा चेहरा बदलला. "इस कॉलेज की नहीं? मग आत कशी गेली?"

तो दुसऱ्याला फाटकावर उभं करून आमच्या पुढं चालायला लागला. मला वाटलं, बरं झालं, सोबत मिळाली. एकेका वर्गात डोकावत तळमजल्यावरच्या एका वर्गाच्या दाराशी तो थांबला. आत पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई फळ्यावर खडूनं मोठं गोल चित्र काढत होत्या. गोलात गोल, त्यात छोटे छोटे कप्पे. माझी लेक कुजबुजली, "मम्मी, ताईच्या वहीतलं!"

पुतणी शेवटच्या बाकावर बसली होती. एकदा फळ्याकडं बघायची, एकदा वहीत काढायची. तिच्या आजूबाजूला काय चाललंय याचा तिला पत्ताच नव्हता. मी तिला घरात कधी असं बघितलं नव्हतं. अडीच महिने माझ्या घरात राहिलेली पोरगी आणि ती बाकावरची पोरगी, दोघी वेगळ्याच होत्या.

त्याच क्षणी वॉचमन दारातून म्हणाला, "मॅडम, शेवटच्या बाकावरच्या मुलीचं आयकार्ड बघायचंय. कम्प्लेंट आहे."

सगळा वर्ग मागं वळला. पुतणी उभी राहिली. तिनं आधी वॉचमनकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. वही मिटली, पेनाला टोपण लावलं आणि बाकांच्या मधल्या वाटेनं चालत बाहेर आली. बाई खडू हातात धरून तशाच उभ्या होत्या.

आम्ही बस स्टॉपवर आलो. लेक आमच्या दोघींच्या मधे बसली.

"काकू," पुतणी म्हणाली, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

"रोज विचारत तर होते."

"काय शिकवलं ते विचारत होता. कुठं शिकवलं ते नाही विचारलं."

मग तिनं सांगितलं. पहिले पंधरा दिवस ती आपल्या कॉलेजात एकटी जाऊन बसली. वर्गाला कुलूप, प्रयोगशाळेला कुलूप. ऑफिसातले क्लार्क म्हणाले, तू कशाला येतेस, परीक्षेला ये, प्रॅक्टिकलचं आम्ही बघून घेऊ. तालुक्याच्या गावी, कन्नडला, बारावीत तिच्याबरोबर असलेल्या मैत्रिणीला या जुन्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. एक दिवस तिच्याबरोबर ही नुसती बघायला म्हणून आली. त्या दिवशी बाईंनी कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवल्या. दुसऱ्या दिवशी ती परत आली. मग रोज.

"मग घरी सांगायला काय झालं होतं?"

ती वही दप्तरात ठेवत म्हणाली, "तुम्ही म्हटला असता, तिथं शिकवत नसतील तर घरी बस, दुकानात मदत कर, परीक्षेपुरतं जा. सगळे तसंच करतात. तुम्ही तर त्यांचे प्रकल्प पण टाईप करून देता."

इतके दिवस मी तिच्यावर संशय घेत होते आणि ती माझ्यावर. आणि तिचा संशय खरा होता. मी तसंच म्हटलं असतं.

त्यानंतर आठवडाभर ती घराबाहेर पडली नाही. सांगितलेलं काम करायची, विचारलं तेवढंच बोलायची. पोळ्या लाटताना तिची पाठ माझ्याकडं असायची. मी तिच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी केली, तिनं ती ताटात तशीच ठेवली.

लेकीनं मात्र मला धारेवर धरलं. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना ती माझ्यासमोर येऊन बसली.

"ताईला का हाकललं?"

"तिचं नाव तिथं नाही."

"मग ती तिथं का जायची?"

"तिथं शिकवतात म्हणून."

"आणि जिथं नाव आहे तिथं?"

"तिथं शिकवत नाहीत."

तिनं बोटांवर काहीतरी जुळवून बघितलं. "मग दोन्हीतलं कॉलेज कोणतं?"

मोठ्या माणसाला मी काहीतरी सांगून वाटेला लावलं असतं. तिला नाही जमलं. मी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "जिथं ताई जायची ते. आणि ऐक, मी तुला खोटं सांगितलं होतं. मी कधीच कॉलेजला गेले नाही. नुसती परीक्षा दिली."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं काय?"

"तुला मॅडमचं नाव आठवलं नाही ना."

मग मला तिला सांगता आलं, जे इतके दिवस जमत नव्हतं. म्हटलं, पुस्तक घरी वाचता येतं, परीक्षा घरून देता येते. पण एखादं माणूस आयुष्यभर एका गोष्टीच्या मागं लागलेलं असतं, पानाच्या, मुळाच्या, कशाच्याही. त्याच्यासमोर रोज बसलं की आपल्यालाही ती गोष्ट दिसायला लागते. ताईला भाजीच्या पानात जे दिसतं ते मला नाही दिसत. मी गेले नाही, म्हणून नाही दिसत. नोकरी लागेल का ते मला ठाऊक नाही.

तिनं ऐकून घेतलं. "बघू," एवढंच म्हणाली. ही तिच्या बापाची सवय.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या जुन्या कॉलेजात गेले. वॉचमननं ओळखलं, वहीत माझी सही घेतली आणि मगच सोडलं. बाई त्यांच्या खोलीत मायक्रोस्कोपच्या काचेच्या पट्ट्या पुसत होत्या. मी पुतणीचं नाव काढताच म्हणाल्या, "हजेरीचं सर्टिफिकेट मिळणार नाही. आधीच सांगते."

"सर्टिफिकेट नकोय मला."

"मग?" त्यांचा विश्वास बसत नव्हता. पालक कागदाशिवाय कशाला येतील?

मी सगळं सांगितलं. कपाट उघडल्यापासून. त्यांनी पट्टी खाली ठेवली. "ती आमच्याकडची नाही हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "यादीतली निम्मी येत नाहीत. यादीत नसलेली एक रोज वेळेवर येते, तिला मी कशाला उठवू? तुम्ही तक्रार केली नसती तर वर्षभर बसली असती."

त्यांनी दुसरी पट्टी पुसायला घेतली.

"आता प्रिन्सिपॉलांपर्यंत गेलंय. मला तिला आत घेता येणार नाही. पण मैत्रिणीच्या वह्या आहेत ना? अडलं तर शनिवारी दुपारी तिला खोलीबाहेर येऊन विचारू दे. पालक म्हणून तुम्ही सोबत या, वहीत सही करा. पहिलं वर्ष नीट पास झाली तर दुसऱ्या वर्षाला नाव इकडं बदलून घेता येतं. जागा असेल तर. मी शब्द देत नाही."

भाऊजींना सांगायलाच लागलं. ते फोनवर पहिल्यांदा म्हणाले, "म्हंजे शहरात फिरत होती व्हय?" मिस्टरांनी फोन घेतला आणि म्हणाले, "दादा, ती एकटीच कॉलेजला जात होती. बाकी सगळे फिरत होते." पुढच्या रविवारी भाऊजी आले. सोमवारी दोघं भाऊ तिच्या कॉलेजात जाऊन बसले. त्यांना चहा मिळाला, साहेब बाहेरगावी आहेत असं कळलं, आणि भाऊजी संध्याकाळपर्यंत हलले नाहीत म्हणून प्रयोगशाळेचं कुलूप तेवढं उघडून दाखवलं. आत खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. गावाला परत जाताना भाऊजी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "शनिवारी जात जा." लग्नाचा विषय त्यांनी त्या वेळी काढला नाही.

शनिवारी मी दुकान बंद ठेवायला लागले. दर शनिवारी आम्ही तिघी बसनं शहरात जायचो. पुतणी व्हरांड्यात बाईंना प्रश्न विचारायची, आम्ही मायलेकी झाडाखाली थांबायचो. वर्ष सरलं, ती फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. जुलैमध्ये दुसऱ्या वर्षाला तिचं नाव त्या कॉलेजात लागलं. एक जागा होती आणि अर्ज तीन, म्हणून यादी लागेपर्यंत तिनं घरात कुणाला काही बोलू दिलं नाही.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्यात भांडण नाही. पण निघताना ती मला आपण होऊन सांगते: अमुक बसनं जाते, अमुक वाजता येते, आज प्रॅक्टिकल आहे. मी विचारत नाही, तरी सांगते. एकदा मी म्हणाले, "राहू दे गं, कशाला सांगतेस?" ती म्हणाली, "बरं असतं, काकू." त्यात राग नव्हता, पण मोकळेपणाही नव्हता. आपण एखाद्यावर पाळत ठेवली की ती नजर त्याच्या पाठीवर राहते. ती कशी पुसायची ते मला अजून सापडलेलं नाही.

तयार प्रकल्प द्यायचे मी बंद केले असं सांगितलं तर ते खोटं होईल. कमी केले. "स्वतः लिहून आण, मी टाईप करते," असं म्हणते. काही आणतात, काही पलीकडच्या दुकानात जातात.

लेक आता चौथीत आहे. परवा शाळेतून आली आणि दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"मम्मी, आमच्या गणिताच्या मॅडम दहा दिवसांपासून येत नाहीत. आम्हाला नुसतं बसवतात. फळ्यावर तारीख बदलतात आणि वह्यांवर सही करतात."

"अगं, आजारी असतील."

"असतील. पण वहीत शिकवलं असं लिहितात." तिनं वही उघडून माझ्यापुढं धरली. पान कोरं होतं, खाली 'शिकवले' असा शेरा, सही आणि तारीख. "तू उद्या येतेस विचारायला?"

मी तिला म्हणाले, पप्पा येतील, मला दुकान आहे. तिनं माझ्याकडं तसंच बघितलं, जसं ती त्या दिवशी जेवताना बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शटरला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर शाळेत गेले. हेडमास्तरांच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघी बसलो. शिपायानं येऊन विचारलं, "काय काम आहे?" मी तोंड उघडायच्या आत लेकच म्हणाली, "आम्हाला गणित कधी शिकवणार, ते विचारायचंय."